लेकरू बालवाडीत जातंय: पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमध्ये शाळा उघडल्या की प्रश्न सुरू होतात, दिवाळीनंतर थोडे थांबतात आणि पहिलीच्या प्रवेशाची वेळ आली की पुन्हा वाढतात. लातूर, धाराशिव, बीड, नांदेड भागातल्या पालकांनी पाठवलेले प्रश्न इथं एकत्र केले आहेत. बहुतेक व्हॉइस मेसेजवर आलेले आहेत, म्हणून भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे. तीन ते सहा वर्षांच्या लेकरांपुरतंच हे लिहिलं आहे. तुम्हाला पडलेला प्रश्न तेवढाच वाचला तरी चालेल.

१. अंगणवाडी, बालवाडी, नर्सरी, छोटा गट, केजी... हे सगळं एकच का वेगवेगळं?

लेकरांचं वय एकच, चालवणारे वेगळे. अंगणवाडी सरकारी. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून ती चालते. तिथं शिक्षणासोबत आहार, वजन-उंचीची नोंद आणि आरोग्य तपासणीही असते. बालवाडी बहुधा एखाद्या संस्थेची किंवा प्राथमिक शाळेला जोडलेली असते. नर्सरी, ज्युनिअर आणि सिनिअर केजी ही इंग्रजी शाळांची नावं. ज्युनिअर म्हणजे मराठी शाळेतला छोटा गट, सिनिअर म्हणजे मोठा गट.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नं ही तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून तीन ते आठ वयाचा एकच पायाभूत स्तर केला. त्याच्या कितीतरी आधी, १९४५ मध्ये, बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला खेड्यातल्या लेकरांसाठी काम सुरू केलं होतं. लेकरं शाळेत येत नसतील तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, ही कल्पना तिथली.

२. कितव्या वर्षी घालावं? आमच्या पोरीला ऑक्टोबरमध्ये तीन पूर्ण होतात.

यंदाच घालता येईल. महाराष्ट्रात वय त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला मोजतात. त्या तारखेला तीन पूर्ण होत असतील तर नर्सरी, सहा पूर्ण होत असतील तर पहिली. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मलेल्यांचा पेच वेगळा आहे, तो प्रश्न २१ मध्ये आहे. अडीच वर्षांच्या लेकराला 'सवय लागावी' म्हणून तीन-चार तास बसवण्याची घाई करू नका. त्या वयात आजीच्या मागं-मागं फिरणं हीच त्याची शाळा.

३. अंगणवाडीत घालावं का फी भरून इंग्लिश स्कूलमध्ये? सगळे म्हणतात अंगणवाडीत नुसती खिचडी खातात.

काही ठिकाणी तक्रार खरी आहे. काही ठिकाणी मात्र सेविकाताई इतकी जीव लावून शिकवते की तालुक्याच्या महागड्या शाळेतही तसं दिसत नाही. म्हणून पाटी बघून ठरवू नका, आत एक तास बसून बघा. लेकरं बोलतायत का फक्त बाईच बोलतायत? हाताळायला काही आहे का सगळं कपाटात कुलपात आहे? रडणाऱ्या लेकराकडं कुणी बघतं का? एका बाईकडं किती लेकरं आहेत? शू लागली तर जायला जागा आणि पाणी आहे का? मराठवाड्यात मार्चनंतर हा शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा.

टाय, बूट, पिवळी बस आणि भिंतीवरची कार्टूनं यांवरून शिकवण्याचा अंदाज येत नाही. मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहाव्या वर्षाआधी होते, असं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलं आहे. ते वाक्य आता शाळांच्या फ्लेक्सवर छापून येतं आणि पालक घाबरून फी भरतात. पण ही वाढ महागड्या वर्गाशिवायही होते. लेकराशी बोलणारं, त्याला खेळू देणारं आणि पोटभर जेवू घालणारं माणूस जवळ असलं पाहिजे.

अंगणवाडी सगळ्यांसाठी आहे, त्यासाठी पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड लागत नाही, हेही लक्षात असू द्या.

४. रोज विचारते, "आज काय शिकवलं?" तर म्हणतो, "काय नाय, खेळलो." मग आम्ही पाठवतो कशाला?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि लेकराचं उत्तर खरं असतं. तो खेळलाच. आता त्या खेळात काय होतं ते बघा.

बाईंनी चिंचोके, बांगड्यांचे तुकडे आणि बाटल्यांची झाकणं एकत्र करून दिली आणि वेगवेगळी करायला सांगितली. कुणी रंगानं केली, कुणी आकारानं. ही वर्गवारी पुढच्या सगळ्या गणिताच्या आधी यावी लागते. लंगडी घातली तर तोल आणि पायांची ताकद. 'खांब खांब खांबोळी' खेळताना आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं. चार वर्षांच्या लेकराला थांबायला शिकणं हे बाराखडीपेक्षा अवघड जातं. भातुकलीत एक पोरगी आई झाली, एक डॉक्टर झाली, तर त्या दोघी जे बोलतात ती त्यांची लांब वाक्यं असतात. एरवी घरात त्या एवढं सलग बोलत नाहीत. गोष्ट ऐकून "मग कोल्ह्यानं काय केलं असेल?" याचं उत्तर देणं म्हणजे वाचून समजण्याची सुरुवात, पुस्तक हातात नसतानाची.

पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला, तोही खेळालाच शिकवण्याची मुख्य रीत मानतो. म्हणजे बाई टाळाटाळ करत नाहीत, नेमून दिलेलं कामच करतायत.

प्रश्न मात्र बदला. "काय शिकवलं?" हा प्रश्न लेकराला कळतच नाही. "आज कुणाशेजारी बसलास?", "बाईंनी कोणती गोष्ट सांगितली, मला सांग की", "आज कोण रडलं?" असं विचारा. शेवटच्या प्रश्नावर तर पंधरा मिनिटं उत्तर मिळतं.

५. वही कोरीच येते. शेजारच्या पोरीचं एबीसीडी लिहून झालं. आमचा अजून पेन्सिल मुठीत धरतो.

चार वर्षांच्या लेकराच्या मनगटातली बारकी हाडं अजून पुरती तयार झालेली नसतात आणि बोटांत तेवढी ताकद नसते. अशा हाताला रोज दोन पानं गिरवायला लावली की लेकरू पेन्सिल गच्च दाबून धरतं, हात दुखतो आणि लिहिण्याचाच कंटाळा येतो. पुढं दुसरी-तिसरीत "लिहायला बसतच नाही" म्हणून जी लेकरं आणली जातात, त्यांतल्या पुष्कळांची सुरुवात अशीच झालेली असते.

आधी हात तयार करायचा, आणि त्याची सगळी सामग्री आपल्या घरात पडलेली असते. भुईमुगाच्या शेंगा फोडू द्या. हुरड्याच्या दिवसांत कणसं चोळू द्या, तुरीच्या ओल्या शेंगा सोलू द्या. भाकरी करताना पिठाचा छोटा गोळा देऊन त्याची त्याला चानकी थापू द्या. वाकडी झाली तरी तव्यावर टाका आणि त्यालाच खाऊ घाला. ओल्या कपड्याचा पिळा, फुलांचा गजरा, सुईशिवाय दोऱ्यात ओवलेले मोठे मणी, अंगणातल्या मातीत काडीनं काढलेल्या रेघा. मग पाटी आणि जाड खडू, मग जाड पेन्सिल. छोट्या गटात रेघा, गोल, चित्रं पुरेत. स्वतःचं नाव मोठ्या गटाच्या शेवटी लिहिता आलं तर उत्तम.

एक सावधगिरी: हरभरा, शेंगदाणे, मणी, चिंचोके देऊन बाजूला जाऊ नका. नाकात-कानात दाणा घालून घेतलेली आणि घशात शेंगदाणा अडकलेली लेकरं दवाखान्यात येतच असतात. घरात तीन वर्षांच्या आतलं भावंड असेल तर दुप्पट लक्ष.

शेजारच्या पोरीबद्दल: ती कदाचित दहा महिन्यांनी मोठी असेल. या वयात दहा महिने फार असतात.

६. अक्षरं उलटी काढतो आणि 'एकवीस' लिही म्हटलं की १२ लिहितो. डोक्यात काही दोष आहे का?

सहसा नाही. आरशात दिसावीत तशी अक्षरं आणि अंक काढणं सहा-सात वर्षांपर्यंत चालूच असतं. दुसरी सरताना तसंच राहिलं आणि वाचायलाही जड जात असेल तर तपासणी करा.

एकवीसची गंमत वेगळी आहे. ऐकताना आधी 'एक' येतो, मग 'वीस', आणि लिहिताना आधी २ काढावा लागतो. लेकरू ऐकलं तसं लिहितं, यात त्याचा तर्क बरोबरच आहे. देगलूर-उदगीरकडं ज्यांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड आहे त्यांना हा त्रास कमी, कारण त्या भाषांत आधी वीस येतो, मग एक. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' असं आणलं तेव्हा राज्यभर चेष्टा झाली, पण अडचण खरीच होती. घरी करायचं तर दहा-दहा काड्यांच्या जुड्या रबर लावून बांधा. दोन जुड्या आणि एक सुटी काडी, एकवीस. मात्र हे मोठ्या गटाच्या शेवटी किंवा पहिलीतच. त्याआधी वीसपर्यंत भरपूर झालं.

७. शंभरपर्यंत पाढ्यासारखं घडाघडा म्हणतो, पण पाच वाट्या आण म्हटलं की सगळ्याच उचलून आणतो. असं कसं?

कारण शंभरपर्यंत म्हणणं हे गाणं आहे, मोजणं नव्हे. मोजताना एका वस्तूला एकच अंक द्यायचा, एकही सोडायची नाही, एकही दोनदा धरायची नाही, आणि शेवटी जो अंक येतो तेवढ्या सगळ्या मिळून आहेत हे कळायचं. या चारही गोष्टी वेगवेगळ्या वेळी येतात. पाच दगड जवळजवळ ठेवले किंवा लांब पसरले तरी पाचच राहतात, हे तर बऱ्याच लेकरांना सहा-सातपर्यंत पटत नाही. पसरले की जास्त झाले असं त्यांना मनापासून वाटतं.

म्हणून पाहुण्यांसमोर शंभर म्हणायला लावणं बंद करा आणि कामं सांगा. जेवायला आपण किती जण? तेवढी ताटं आण. आज मामा आलाय, आता किती लागतील? दोन भाकरी उरल्या, तिघं आहोत, काय करायचं? मापट्यानं ज्वारी मोजताना प्रत्येक मापट्याला एक खडा बाजूला ठेवायला सांगा. गोठ्यातल्या म्हशी संध्याकाळी सगळ्या परत आल्या का, ते त्यालाच बघू द्या. बाजारात दहाची नोट हातात द्या आणि भाजीवालीला त्यालाच देऊ द्या. दहापर्यंतच्या वस्तू नीट मोजणारं लेकरू शंभरपर्यंत पाठ म्हणणाऱ्याच्या पुढं आहे, याबाबत माझ्या मनात शंका नाही.

८. अ आ इ ई पासून सुरू करावं का ग म भ न?

'ग म भ न' बरं. ही अक्षरं एकमेकांसारखी काढता येतात आणि त्यांतून 'मन', 'गगन' असे शब्द लगेच तयार होतात. वर्णमाला ओळीनं पाठ असायला हरकत नाही, पण त्यानं वाचता येत नाही. 'ञ' आणि 'ङ' साठी चार वर्षांच्या लेकराचा जीव खाऊ नका. सुरुवात लेकराच्या नावातल्या पहिल्या अक्षरापासून केली तर आणखी चांगलं, कारण ते त्याला आपलं वाटतं. एसटीची पाटी, बिस्किटाचा पुडा, दुकानाचा बोर्ड, जिथं ते अक्षर दिसेल तिथं दाखवा.

९. आमच्या तांड्यावर घरी गोरबोली, म्हणजे बंजारा भाषा, चालते. शाळेत मराठी. पोरगं वर्गात तोंडच उघडत नाही. घरी मराठी बोलायला सुरू करावं का?

नको. घरी गोरबोलीच बोला, आणि भरपूर बोला. हेच उर्दू, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या घरांना लागू. ज्या भाषेत तुम्ही हसता, रागावता, गोष्ट सांगता, तिच्यात लेकराचा शब्दसाठा आणि विचार पक्का होतो, आणि त्यावर दुसरी भाषा चढते. तोडक्या-मोडक्या मराठीत "इकडं ये, हे घे" एवढंच बोलत राहिलात तर लेकराला दोन्ही भाषा अर्ध्या मिळतील. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सुरुवातीचं शिक्षण शक्य तिथं घरच्या भाषेतच असावं म्हणतं.

नवी भाषा कानावर पडणारं लेकरू काही महिने गप्प राहतं. ते ऐकत असतं, साठवत असतं. सांगितलेलं काम करतं का, ते बघा. "दप्तर आण" म्हटल्यावर आणत असेल तर समजतंय. घरी आपल्या भाषेतसुद्धा बोलत नसेल, तर मात्र प्रश्न १७ बघा.

बाईंना दहा-पंधरा शब्द लिहून द्या: पाणी, शू, भूक, दुखतंय, आई, भीती वाटते. बाईंनी एकदा जरी लेकराच्या भाषेत "पाणी पाहिजे का?" विचारलं, तरी त्याचं तोंड उघडायला मदत होते. वर्गात गोरबोलीतलं एखादं गाणं म्हणायला आजीला बोलवलं तर फारच छान, काही ताई असं करतात.

ज्यांच्या घरी मराठीच आहे पण आपल्याकडची, त्यांचाही असाच फोन येतो: "बाई म्हणतात 'मपलं दप्तर' म्हणू नको, 'माझं' म्हण." लेकराला थांबवून दुरुस्त करू नका. "हो, तुझं दप्तर छान आहे" असं उत्तर द्या, दोन्ही रूपं कानावर पडतील. 'मपलं', 'कामून', 'लई' म्हणणारं लेकरू चुकीचं बोलत नाही. पुस्तकातली मराठी त्याला हळूहळू येईलच.

१०. इंग्लिश मीडियममध्ये घातलंय. मॅडम म्हणतात घरी इंग्लिशमध्येच बोला.

तुम्ही दोघं एकमेकांशी इंग्रजीत भांडत असाल तर बोला. नसाल तर प्रश्न ९ मधलं उत्तर तुम्हालाही तसंच लागू आहे. वर्गात शिकवलेली कविता लेकराकडून ऐका आणि तिचा अर्थ आपल्या भाषेत विचारा, तेवढं पुरे.

११. आम्ही दोघंही शिकलेलो नाही. आम्ही लेकराला काय मदत करणार?

या वयात लागणारी मदत अंगठा लावणारी आईसुद्धा करू शकते, आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाही. लेकराला लागतात ते शब्द. तुम्हाला शेतातल्या गवताची, पाखरांची, आजारांची, नात्यागोत्यांची किती नावं ठाऊक आहेत, याचा हिशेब करून बघा. निंदायला जाताना ती नावं सांगत चला. पोळ्याला बैल रंगवताना, येळवशीला (वेळा अमावास्येला) शेतात भज्जी-आंबील मांडताना आधी काय, नंतर काय, का, हे बोला. जात्यावरच्या ओव्या, उखाणे, कोडी, आजीच्या गोष्टी यांत यमक, लय आणि लांब वाक्यं असतात. वाचायला शिकताना आवाज ओळखण्यासाठी यमकाचाच उपयोग होतो.

पुस्तक वाचता येत नसेल तर चित्रांचं पुस्तक घेऊन चित्रावरून गोष्ट रचा. लेकरू रोज तीच गोष्ट मागेल. सांगा.

लेकरानं विचारलेल्या "का?" ला "गप बस" हे उत्तर मात्र नको. माहीत नसेल तर "मला बी माहीत नाही, ताईला विचारू" म्हणा आणि खरंच विचारा.

१२. रोज किती वेळ अभ्यासाला बसवावं? ट्यूशन लावावी का?

बसवू नका. ट्यूशन लावू नका. गोष्ट, गाणं, एखादा खेळ मिळून अर्धा तास तुम्ही मोबाइल बाजूला ठेवून लेकरासोबत घालवलात, तर तो अभ्यासच.

१३. मोबाइलवर एबीसीडी, रंग, प्राण्यांची नावं सगळं शिकलाय. जेवायला पण मोबाइल लागतो. चांगलं का वाईट?

नावं पाठ झाली हे खरं. पण मोबाइल बोलतो, ऐकत नाही. लेकरानं "हे काय?" विचारलं तर तो थांबून उत्तर देत नाही. बोलायला उशीर झालेल्या लेकरांच्या घरी चौकशी केली की बऱ्याचदा दिवसाचे चार-पाच तास स्क्रीनचे निघतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे दोन ते चार वर्षांच्या लेकरांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी असेल तितकं बरं. तीन-चार वर्षांच्या लेकराला दिवसातून किमान तीन तास हालचालीचं खेळणं आणि दुपारच्या झोपेसह दहा ते तेरा तास झोप लागते, असंही त्यात आहे.

जेवतानाचा मोबाइल आधी बंद करा. दोन-तीन दिवस कमी खाईल, आजी तुमच्यावर चिडेल, मग भूक लागली की खाईल. उन्हाळ्यात बाहेर पाठवता येत नाही ही अडचण खरी आहे. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहाच्या आत आणि सूर्य कलल्यावरच अंगण. मधल्या वेळेसाठी घरात जुन्या साडीचा तंबू, पाण्याचं घमेलं (पाणी असेल तर), भांडी, खोकी.

१४. रोज गेटवर रडून आकांत करतो. घरी आणावं का?

पहिले दोन-तीन आठवडे हे चालतंच. पोलादी मन करायची गरज नाही, पण गुपचूप पळूनही जाऊ नका. लेकराला वाटतं, आई कधीही गायब होते, आणि ते आणखी चिकटतं. "खिचडी खाऊन झाली की मी येते" असं त्याला कळेल अशी वेळ सांगा, एकदाच जवळ घ्या, निघा, आणि सांगितलेल्या वेळी खरंच या. महिन्यानंतर अचानक पुन्हा रडायला लागलं, शूवरचा ताबा सुटला, झोपेत दचकू लागलं, किंवा एखाद्या माणसाचं नाव काढताच घाबरलं, तर हट्ट समजू नका. शांतपणे विचारा आणि शाळेत जाऊन बघा.

१५. आजोबा बाईंना सांगून आले, "ऐकलं नाही तर दोन द्या." आता?

बाईंना परत जाऊन सांगा, देऊ नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हींना बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, मार बसलेलं लेकरू उत्तर यायचं सोडून हात कधी उठतो ते बघत बसतं. आजोबांना त्या वेळात लेकराला गोष्ट सांगायचं काम द्या. ते आनंदानं करतात.

१६. डाव्या हातानं जेवतो, लिहितो. सवय मोडावी का?

नाही. हात मेंदूतून ठरतो. लिहायला डावा राहू द्या. प्रसाद उजव्या हातानं घ्यायला शिकवलं तर बिघडत नाही, पण त्यावरून चारचौघांत हिणवू नका. वर्गात त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवायला सांगा, म्हणजे शेजाऱ्याचं कोपर लागत नाही.

१७. साडेतीन वर्षांची झाली, दोन-दोन शब्दच बोलते. घरचे म्हणतात, बाप पण उशिरा बोलला होता.

थांबू नका. तीनपर्यंत तीन शब्दांची छोटी वाक्यं यावीत आणि चारपर्यंत परक्या माणसालाही बहुतेक बोलणं कळावं. 'र' ला 'ल' म्हणणं पाच-सहापर्यंत चालतं. बोलताना अडखळणं या वयात अधूनमधून येतं, पण सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलं तर दाखवा.

पहिली तपासणी कानाची. सारखी सर्दी आणि कान वाहणं यानं लेकराला कमी ऐकू येतं आणि घरचे त्याला हट्टी समजतात. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. सेविकाताईंना तारीख विचारा आणि त्या दिवशी लेकराला नक्की पाठवा. पुढची तपासणी आणि उपचार मोफत होतात. वाट बघायची नसेल तर जिल्हा रुग्णालय, संभाजीनगरची घाटी किंवा अंबाजोगाईचं स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ) रुग्णालय इथल्या कान-नाक-घसा विभागात थेट जाता येतं. नावानं हाक मारली तरी न बघणं, नजरेला नजर न देणं, आलेले शब्द पुन्हा जाणं, यांतलं काही असेल तर त्याच आठवड्यात जा.

१८. दसरा झाला की आम्ही कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जातो, मार्च-एप्रिलला येतो. लेकराची बालवाडी अर्ध्यात सुटते. काय करावं?

याला सोपं उत्तर नाही. पहिलीच्या पुढच्या लेकरांसाठी गावात हंगामी वसतिगृहं असतात, पण चार वर्षांच्या लेकराला तिथं ठेवता येत नाही. उरतात दोन वाटा.

आजी-आजोबा धडधाकट असतील आणि लेकराला त्यांची सवय असेल तर गावातच ठेवा, म्हणजे अंगणवाडी सुटत नाही. रोज रात्री फोनवर बोला. फडावर काय झालं ते सांगा, त्यानं काय केलं ते ऐका.

सोबत नेणार असाल तर निघण्याआधी सेविकाताईंना सांगा. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपवर स्थलांतराची नोंद करता येते, म्हणजे जिथं जाल तिथल्या अंगणवाडीत नाव घालता येईल. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, कुठंही कोपी (राहायची झोपडी) पडली की पहिल्या आठवड्यात जवळची अंगणवाडी शोधा. 'तुम्ही इथले नाही' हे नाव न घेण्याचं कारण होऊ शकत नाही. आधार आणि लसीकरणाचं कार्ड सोबत ठेवा. पाच वर्षांच्या आतल्या लेकराचं निळं बाल आधार बोटांच्या ठशांशिवाय निघतं. मुकादमाला उचल (आगाऊ रक्कम) ठरवतानाच विचारून घ्या की अड्डा, म्हणजे मुक्काम, कुठं पडणार. लेकरू दिवसभर कुठं राहणार ते त्यावरच ठरतं.

फडावर नेलंच तर ट्रॅक्टर-ट्रॉलीपासून लांब, सावलीत, कुणाच्या तरी नजरेखाली. संध्याकाळी मोळ्या मोजताना त्याला सोबत घ्या. परत आल्यावर ताईंना सांगा की चार-पाच महिने खंड पडलाय, त्याला 'मागं पडलेला' म्हणून वेगळं बसवू नका. एप्रिलमध्ये आलात तर प्रश्न २० मधला मेळावा सापडू शकतो.

१९. परीक्षा कधी? नंबर कितवा आला?

या वयात परीक्षाच नको, असं पायाभूत स्तराचा आराखडा स्पष्ट सांगतो. बाईंनी लेकराला खेळताना बघून लिहिलेल्या नोंदी, त्याची चित्रं, हेच मूल्यमापन. पालकसभेला गेलात तर नंबराऐवजी विचारा: कुणाशी खेळतो? काय करताना रमतो? कशाला टाळतो? आम्ही घरी काय करावं? बाईंनी काही अडचण सांगितली तर लेकरासमोर चर्चा नको. आणि बाईंना भेटायला शाळा सुटतानाची वेळ सगळ्यात वाईट. तीस लेकरं अंगावर असतात.

२०. पहिलीत जायच्या आधी काय काय यायला पाहिजे?

स्वतः जेवणं, शू-शीला सांगणं आणि जाणं, चप्पल घालणं, आपलं नाव-गाव सांगणं. आईशिवाय काही तास राहणं. दोन-तीन सूचना एका दमात ऐकून करणं: "दप्तर ठेव, हात धू आणि इथं ये." ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगणं. दहा वस्तू मोजणं. कमी-जास्त, आत-बाहेर, आधी-नंतर कळणं. पाळी येईपर्यंत थांबणं. चित्र काढून ते काय आहे ते सांगणं. वाचणं-लिहिणं या यादीत नाही, ते शिकवायलाच पहिली असते.

२०२२ पासून जिल्हा परिषद शाळांत 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान होतं. पहिलीत येणाऱ्या लेकरांचा मेळावा भरतो, वेगवेगळ्या टेबलांवर उड्या, जुळवाजुळव, गप्पा, मोजणी असे खेळ असतात, आणि आयांचे गट करून घरी करायच्या खेळांची कार्डं दिली जातात. तिथं लेकराला काही आलं नाही म्हणून प्रवेश अडत नाही. कुठं मदत लागेल एवढंच कळतं.

२१. पोरगा २५ डिसेंबरचा. नियमानं यंदा पहिलीत बसतो, पण अजून लहान वाटतो. एक वर्ष थांबवावं का?

नियम 'बसू शकतो' म्हणतो, 'बसवाच' म्हणत नाही. जूनमध्ये तो जेमतेम साडेपाच वर्षांचा असेल आणि शेजारी जानेवारीत जन्मलेलं, जवळजवळ वर्षानं मोठं लेकरू बसलेलं असेल. प्रश्न २० मधल्या बऱ्याच गोष्टी जमत नसतील तर मोठ्या गटात आणखी एक वर्ष काढायला हरकत नाही. मात्र निर्णय जूनच्या आधी घ्या. पहिलीत घालून दिवाळीला परत आणलं तर ते लेकराला नापास झाल्यासारखं लागतं. उलट, सगळं जमत असेल आणि फक्त उंची कमी आहे म्हणून थांबवत असाल तर पाठवा.

२२. जन्मदाखला नाही. शाळा म्हणते प्रवेश नाही. आणि आमचा इंटरव्ह्यू पण घेणार म्हणतात.

पहिलीच्या प्रवेशाला दोन्ही बेकायदेशीर. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दवाखान्याची किंवा नर्सबाईंची नोंद, अंगणवाडीची नोंद, नाहीतर पालकांचं प्रतिज्ञापत्र चालतं. दाखला मात्र नंतर काढून घ्याच, पुढं दहा ठिकाणी लागतो. कलम १३ प्रमाणे लेकराची किंवा पालकांची चाचणी घेता येत नाही, घेतली तर पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. तक्रार गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं लेखी द्या आणि पोच घ्या.

खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि निवड सोडतीनं होते. आर्थिक दुर्बल घटकातून भरायचा तर वार्षिक उत्पन्न १ लाख रुपयांच्या आत असल्याचा तहसीलचा दाखला लागतो. तो आधीच काढून ठेवा. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात सेतू केंद्रापुढची रांग बघवत नाही.

२३. जुळ्या पोरी आहेत. एक सगळं सांगते, दुसरी तिच्याकडंच बघते. वेगवेगळ्या वर्गात टाकाव्यात का?

पहिलं वर्ष एकत्र राहू द्या, दोघींना एकमेकींचा आधार असतो. बाईंना एवढं सांगा की वर्गात दोन गटांत बसवा आणि दुसरीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पहिलीनं दिलं तर ते धरू नका, थोडं थांबा. घरीही तसंच. दोघींना रोज थोडा वेळ वेगवेगळं काम द्या, एकीनं आजीसोबत भाजी निवडायची, दुसरीनं बाबासोबत दुकानात जायचं. मोठ्या गटापर्यंत दुसरी स्वतःहून बोलू लागली नाही तर तेव्हा तुकडी बदलण्याचा विचार करा. गावात एकच तुकडी असेल, आणि बहुतेक ठिकाणी असतेच, तर गट वेगळे ठेवणं एवढाच इलाज. ती बोलतच नसेल, म्हणजे बहीण जवळ नसतानाही, तर प्रश्न १७.